दोष मोजण्यात नाही, शिळ्या मापात आहे

मानसशास्त्रीय चाचण्यांविरुद्ध आपल्याकडे एक जोरकस पूर्वपक्ष मांडला जातो. माणसाचे मन आकड्यात मावत नाही. या चाचण्या परक्यांनी परक्यांसाठी बांधल्या. त्यांनी मुलांवर शिक्के मारले. आणि मूल ओळखायला अनुभवी शिक्षक पुरेसा असतो. या प्रत्येक म्हणण्यात तथ्याचा अंश आहे. पण त्यावरून चाचण्याच बाद कराव्यात असा निष्कर्ष काढणे चूक आहे आणि त्याची किंमत गरीब घरातल्या मुलांना मोजावी लागेल. मुंबईत अँटॉप हिलच्या संगमनगरात किंवा कोकरी आगारात वाढणाऱ्या ज्या मुलाला अक्षरे लागत नाहीत, त्याच्यासाठी शेजारच्या शीव रुग्णालयातली तपासणी ही चैन नव्हे. अध्ययन अक्षमतेचे निदान करताना मुलाची बुद्धी सर्वसाधारण आहे हे आधी दाखवावे लागते आणि ते चाचणीशिवाय दाखवता येत नाही. त्या निदानावरच दहावीच्या परीक्षेत जादा वेळ, लेखनिक यांसारख्या सवलती मिळतात. ज्याला वर्गात ‘ढ’ म्हटले गेले, त्याच्या बाजूने साक्ष देणारी चाचणीच असते.

शिक्षकाची नजर पुरेशी असती तर बुद्धिमापनाची चाचणी जन्मालाच आली नसती. १९०५ साली पॅरिसमध्ये आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमों यांनी पहिली श्रेणी तयार केली. कोणत्या मुलाला विशेष शिक्षण लागेल हा निर्णय शिक्षकाच्या केवळ मतावर राहू नये, हा तिचा हेतू होता. गप्प मूल मंद वाटते, चुळबुळे मूल उनाड वाटते. कपडे, बोली, वस्ती, जात यांची छाया मोठ्यांच्या मतावर पडतेच. चाचणी सगळ्यांना तेच प्रश्न त्याच रीतीने विचारते, त्यामुळे ती चुकली तर चूक शोधता येते. पूर्वग्रहाची चूक कुठे नोंदलेलीच नसते. शिक्क्यांचा आरोप मात्र खरा आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ हेन्री गोडार्ड यांनी १९१३ साली न्यूयॉर्कजवळच्या एलिस बेटावर उतरणाऱ्या स्थलांतरितांच्या चाचण्या घेतल्या आणि तपासलेल्यांपैकी बहुतेकांना मंदबुद्धी ठरवले. पण बुद्धी जन्मभर ठरलेली असते या मताला बिने यांनी १९०९मध्येच विरोध केला होता. त्यांनी मदतीसाठी बनवलेले साधन इतरांनी माणसांची लायकी ठरवायला वापरले. हा वापर निषिद्ध मानला पाहिजे, पण तेवढ्याने साधन निरुपयोगी ठरत नाही.

परकेपणाच्या आक्षेपाला आपल्याच लोकांनी कृतीने उत्तर दिले आहे. व्ही. व्ही. कामत यांनी १९३०च्या दशकात स्टॅनफर्ड-बिने चाचणी मराठी आणि कन्नड मुलांसाठी बेतली. नागपूरच्या ए. जे. मालिन यांनी १९६०च्या दशकात वेक्स्लर यांची मुलांची चाचणी भारतीय मुलांसाठी प्रमाणित केली आणि व्हाइनलँड सामाजिक परिपक्वता श्रेणीचेही भारतीय रूपांतर केले. पुण्याच्या ज्ञान प्रबोधिनीने गिलफर्ड यांच्या बुद्धीच्या प्रतिमानावरून स्वतःच्या चाचण्या रचल्या. म्हणजे चाचणी इथल्या मातीत रुजवता येते. खरा दोष पुढचा आहे: एकदा रुजवलेले माप पुन्हा तपासण्यात आपण हयगय केली.

कामत आणि मालिन यांच्या चाचण्या अजूनही वापरात आहेत, पण त्यांचे प्रमाण ज्या मुलांवरून ठरले ती मुले आता आजोबा-पणजोबांच्या पिढीची झाली. संशोधक जेम्स फ्लिन यांनी १९८४ साली अमेरिकी आकडेवारीवरून दाखवले की बुद्धिगुणांकाची सरासरी दर दशकात सुमारे तीन गुणांनी चढते. तसेच इथे घडले असेल तर जुन्या प्रमाणावर आजचे मूल आहे त्यापेक्षा वर दिसेल आणि मदतीची गरज असलेले मूल बौद्धिक अक्षमतेची सत्तरची रेषा ओलांडून मदतीबाहेर जाईल. उलट, ज्याच्या घरात तमिळ किंवा उर्दू बोलतात त्याला मराठीत किंवा हिंदीत शब्दार्थ विचारले, तर ते आहे त्यापेक्षा खाली दिसेल. शिवाय कोणताही गुणांक अचूक नसतो. अमेरिकन मानसोपचार संघटनेची २०१३ची नियमावली सुमारे पाच गुणांची मागेपुढे गृहीत धरते, आणि २०१४ साली मृत्युदंडाविषयीच्या हॉल खटल्यात अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने सत्तरची ताठर रेषा नाकारली. आपल्याकडच्या दिव्यांगत्व मोजण्याच्या २०१८च्या मार्गदर्शक सूचनांत मात्र सामाजिक परिपक्वतेचे ५५ ते ६९ गुण म्हणजे ५० टक्के दिव्यांगत्व आणि ७० ते ८४ म्हणजे २५ टक्के असे धरले होते. लाभांची अट ४० टक्क्यांची. म्हणजे एका गुणाने एका कुटुंबाचा हक्क जात असे.

मनःस्थितीच्या प्रश्नावल्यांनाही हाच न्याय लावावा. नैराश्यासाठीची नऊ प्रश्नांची प्रश्नावली मागच्या दोन आठवड्यांविषयी विचारते आणि २७ पैकी १० किंवा अधिक गुण आले तर पुढची तपासणी हवी असे सुचवते. निदान करायचे ते भेटून, बोलूनच. व्यक्तिमत्त्वाच्या बाबतीत तर नोकरभरतीत माणसे सोळा प्रकारांत वाटणे बंदच व्हावे. ही वाटणी करणाऱ्या मायर्स-ब्रिग्ज चाचणीच्या प्रकाशकांनीही तिचा असा वापर करू नये असे सांगितले आहे.

एवढा वेळ आणि पैसा कुठून आणायचा, असे कोणी विचारील. रुग्णालयात रांगा आहेत, तज्ज्ञ मोजके आहेत, हे खरेच. पण चुकीच्या दाखल्यामुळे वाया गेलेली शाळेची वर्षे कुठल्या हिशेबात धरायची? मुंबई महापालिका आठ भाषांत शाळा चालवते. निदान त्या आठ भाषांत चाचण्या प्रमाणित करणे आणि दर पंधरा-वीस वर्षांनी त्यांची प्रमाणे नव्याने काढणे हे सरकारचे काम आहे. दाखल्यावर एकच आकडा न छापता त्याची मागेपुढेही छापावी, सीमारेषेवरच्या मुलाची फेरतपासणी हक्काने व्हावी, आणि गुणांसोबत आईचे व शिक्षकाचे निरीक्षण नोंदवावे. चाचणी रद्द केली तर श्रीमंत मुलाला खासगी तज्ज्ञ मिळेल आणि कोकरी आगारच्या मुलाच्या हाती फक्त लोकांचे मत उरेल. म्हणून चाचणी टिकवलीच पाहिजे, आणि ती त्याच्या भाषेत व आजच्या मापाने घेतली गेली पाहिजे.