बाळाचे रडणे आणि आईवरचा खटला

तान्हे बाळ सारखे रडू लागले की घरातले पहिले वाक्य बाळाविषयी नसते. "काय खाल्लंस आज?" हे ते वाक्य. दुसरे असते, "दूध पुरत नसेल तुझं." तिसरे शेजारीण दारातून टाकून जाते, "तिन्हीसांजेला बाहेर नेलं असशील." तीन आठवड्यांच्या जिवाला बोलता येत नाही, म्हणून उलटतपासणी आईची होते. नाशिकमध्ये सातपूर-अंबडच्या कामगार वस्त्यांत, पंचवटीत, सिन्नरच्या विडीकामगार बायांच्या घरांत बैठका घेताना हा खटला मी इतक्यांदा ऐकला आहे की आता त्याचा निकालही आधीच पाठ झाला आहे. जात बदलते, शिक्षण बदलते. आरोपी तीच राहते.

म्हणून आधी रडण्याविषयी थोडे. निरोगी बाळाचे रडणे दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून वाढत जाते, साधारण सहाव्या आठवड्यात सर्वात जास्त होते आणि तीन-चार महिन्यांत आपोआप उतरते. दिवसाला तीन तासांहून जास्त, आठवड्यातून तीन दिवसांहून जास्त, तीन आठवडे, अशी 'कॉलिक'ची व्याख्या वेसेल या अमेरिकन डॉक्टरने १९५४ साली केली. त्याचे नेमके एक कारण अजून कुणाला सापडलेले नाही. पोटातल्या वाऱ्याला दोष देतात, पण रडताना बाळ हवा गिळते म्हणूनही पोट फुगते. हे रडणे बहुधा संध्याकाळी वाढते. आपल्याकडे त्यालाच तिन्हीसांजेची दृष्ट म्हणतात आणि मीठ-मोहरी उतरवतात. उतरवोत बापड्या, मीठ-मोहरीने कुणाला इजा होत नाही. इजा होते ती "तूच नेलं असशील बाहेर" या शब्दांनी.

"काय खाल्लंस?" हा प्रश्न मात्र निरुपद्रवी नाही. डाळ वातूळ, हरभरा वातूळ, कोबी वातूळ, फळे थंड, असे करत करत ओल्या बाळंतिणीच्या ताटात भाकरी, लसूण आणि तूप (असलेच तर) एवढेच उरते. अगदी थोड्या बाळांना गाईच्या दुधातल्या प्रथिनांची अॅलर्जी असते आणि आईने दूध सोडल्यावर त्यांना बरे वाटते. ते डॉक्टरांनी तपासून ठरवायचे. बाकीच्या बायांना डाळीवाचून उपाशी ठेवून बाळाचे रडणे थांबत नाही. दिवसाला सहा-सात दुपटी ओली होत असतील आणि वजन वाढत असेल, तर दूध पुरते आहे. पण घरात तीन जण तेच तेच म्हणू लागले की बाईचा स्वतःच्या अंगावरचा विश्वास जातो आणि पावडरचा डबा घरात येतो. शिशुदुधाच्या जाहिरातींना १९९२ च्या कायद्याने बंदी केली. "दूध पुरत नसेल" ही फुकटची जाहिरात कुठल्या कायद्यात बसवायची?

आता गुटी. सहाणेवर उगाळलेले हळकुंड, वेखंड, सुंठ, जायफळ, बाळहिरडा, मुरुडशेंग. मुरुडशेंग पिळाची असते म्हणून पोटातल्या मुरड्यावर चालते, हा तर्क मला नेहमी गोड वाटला आहे. तरीही सहा महिन्यांपर्यंत आईच्या दुधाशिवाय काही नको, हेच मी सांगते. सहाण आणि पाणी निर्जंतुक नसते आणि वर्षाआतल्या बाळाला मध तर विषबाधेच्या भीतीने मुळीच देऊ नये. पण आजीच्या सहाणेला हसणाऱ्या शिकलेल्या घरांत काय चालते? औषधाच्या दुकानातून पोटदुखीचे थेंब चिठ्ठीशिवाय येतात. त्यातले डायसायक्लोमिन सहा महिन्यांखालच्या बाळाचा श्वास अडकवू शकते. काही घरांत सर्दीचे गुंगी आणणारे औषध "झोपेल तरी" म्हणून चमचाभर पाजतात. मेळघाटात पोट फुगलेल्या तान्ह्याला तापल्या लोखंडाचे चटके, 'डंबा', देतात, त्याची बातमी वाचून आपण शहरातले लोक शहारतो. थेंबांची बातमी होत नाही, एवढाच फरक.

या सगळ्या उपायांकडे ओळीने पाहिले की एक गोष्ट दिसते. बाळाला गप्प करायची घाई जिला असते, तिला बहुतेक वेळा दुसरे काम असते. १९२२ च्या सुमारास मुंबईत डॉ. बार्न्स या बाईंनी गिरणीकामगार स्त्रियांच्या बाळंतपणांची पाहणी केली, तेव्हा शंभरातल्या ९८ तान्ह्यांना अफू दिली जात असल्याचे त्यांनी नोंदवले. बाळागोळी देऊन बाळ झोपवायचे आणि खात्यात जायचे. त्या आयांना अफूचे परिणाम ठाऊक नव्हते असे म्हणणे सोपे आहे; पगार बुडाल्याचे परिणाम त्यांना नक्की ठाऊक होते. १९२८ साली मुंबई विधिमंडळात डॉ. आंबेडकरांनी प्रसूती-लाभ विधेयकाला पाठिंबा दिला आणि १९२९ साली तो कायदा मुंबई इलाख्यात झाला, त्याच्यामागे ही पार्श्वभूमी होती.

विलायतेत वेगळे नव्हते. नॉटिंगहॅम शहरात एकोणिसाव्या शतकात बाया घरी बसून लेसवर भरतकाम करत, मजुरी नगावर. हात थांबला की पैसा थांबला. तिथे तान्ह्यांना 'गॉडफ्रेज् कॉर्डियल' नावाचे अफूमिश्रित औषध सर्रास पाजले जाई. त्याच नॉटिंगहॅममध्ये १८५१ साली विल्यम वुडवर्ड या औषधविक्रेत्याने ग्राइप वॉटर काढले. मूळ मिश्रणात सोडा, साखर, मद्यार्क आणि शेपूच्या बियांचे तेल, म्हणजे आपल्या बाळंतशोपाच! मद्यार्क पुढे काढून टाकला गेला. बाटली मात्र आपल्या फळीवर आजही आहे.

सिन्नरला विडी वळणाऱ्या बाईच्या घरी जाऊन बघा. हजार विड्यांवर मजुरी. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, शेजारी झोळी आणि झोळीची दोरी पायाच्या अंगठ्याला. हात रिकामे नाहीत म्हणून अंगठ्याने झोका द्यायचा. तंबाखूची धूळ त्या बाळाच्या नाकातोंडात जाते, हे तिला कुणी शिकवायला नको.

बाळाला जवळ घेतल्याने ते कमी रडते का? कलहारी वाळवंटातल्या कुंग लोकांत बाळ दिवसभर कुणाच्या तरी अंगावर असते. ती बाळेही पाश्चात्त्य बाळांइतक्याच वेळा रडतात, पण एकूण वेळ सुमारे निम्मा, असे रोनाल्ड बार या संशोधकाला १९९१ साली दिसले. मात्र आधीच कॉलिकने रडणाऱ्या बाळांना जास्त वेळ उचलून घेतल्याने फारसा फरक पडला नाही, हेही त्याच्याच दुसऱ्या अभ्यासात निघाले. म्हणजे काही बाळे आपण काहीही केले तरी रडणार. अशा घरात खरा उपाय करायचा तो आईसाठी. तिला झोप हवी आणि बाळ घ्यायला दुसरे कुणी हवे.

दूध पाजणे सोडले तर यातले आईशिवाय अडणारे एकही काम नाही. बाळाला खांद्यावर उभे धरून ढेकर काढणे, हातावर पालथे घेऊन पाठीवरून हात फिरवणे, उघड्या छातीशी धरणे, दिवा मंद करून फेऱ्या मारणे, दुपट्यात गुंडाळणे (पाय मोकळे हलतील असे). बापाचा हात लांब असतो, बाळ त्यावर चांगले मावते. "मला रडणं ऐकवत नाही" म्हणून पायात चप्पल सरकवून कोपऱ्यावर जाणारे नवरे आपण सर्वजणी ओळखतो. आईलाही ऐकवत नाही, पण तिला कोपरा नाही. म्हणून मी बायांना उघड सांगते : डोक्यात सणक आली तर बाळाला पाळण्यात उताणे ठेवा आणि दहा मिनिटे बाहेर जाऊन बसा. दहा मिनिटे रडल्याने बाळाला काही होत नाही, गदगदा हलवले तर मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. आणि बाळ दूध ओढत नसेल, ताप असेल, हिरवी उलटी, शीतून रक्त, टणक फुगलेले पोट, झटके, किंवा रडणे अगदी क्षीण वा चिरके झाले असेल, तर घरी कसलाही उपाय न करता दवाखाना गाठायचा.

सरकार यात कुठे आहे? २०१७ साली प्रसूती रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवडे झाली, पन्नास कामगार असलेल्या ठिकाणी पाळणाघर बंधनकारक झाले. विडीवाली, द्राक्षबागेतली मजूर, घरकामवाली यांच्यापर्यंत ते पोचले नाही. त्यांच्यासाठी त्याच वर्षी मातृवंदना योजनेचे ५००० रुपये आले, तेही पहिल्या बाळाला (२०२२ पासून दुसरी मुलगी झाली तर ६०००). केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्याला १५ दिवसांची पितृत्व रजा आहे. अंबडच्या कंत्राटी कामगाराने ती कुणाकडे मागायची?

आशाताईंच्या भेटींचा हिशेब तर बघण्यासारखा आहे. २०११ पासून नवजात बाळाच्या घरी ठरलेल्या भेटी असतात : दवाखान्यात बाळंतपण झाले तर तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा दिवस. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांनी जे करून दाखवले त्यातून हे आले, आणि मोलाचे आहे. पण बेचाळिसावा दिवस म्हणजे सहा आठवडे, म्हणजे रडणे ऐन भरात असते तेव्हाच भेटी संपतात. त्यानंतरची भेट एकदम तिसऱ्या महिन्यात. सव्वा महिना झाला म्हणून माहेरून आलेली, न्हाणीची बाई बंद झालेली, कामावर लागलेली बाई त्याच सहा आठवड्यांत एकटी असते. बाळंतपणानंतरची उदासी अनेकींना घेरते तीही याच दिवसांत, आणि बाळ रडते म्हणून आई रडते की आई खचली आहे हे बघायला कुणी येत नाही.

मला वाटते, जिल्हा परिषदेकडे आणि महापालिकेकडे आपल्या गटांनी ही एक मागणी लावून धरावी. दुसऱ्या महिन्यात एक भेट वाढवा, तिचे पैसे आशाताईंना वेगळे द्या, आणि त्या भेटीच्या कागदावर बाळाच्या वजनाच्या खाली दोन रकाने काढा : आई सलग किती तास झोपली, आणि काल बाळाला आणखी कुणी घेतले.