दिसतं तसं नसतं

गेल्या दिवाळीत एका मित्राच्या ऑनलाइन अंकाचं तांत्रिक काम माझ्याकडे होतं. लेखकांनी वर्डच्या फाइली पाठवायच्या, आम्ही त्या वेबसाइटच्या एडिटरमध्ये टाकायच्या, ‘प्रकाशित करा’ दाबायचं. एवढंच. अंक पहाटे प्रसिद्ध झाला आणि आठ वाजता पहिला मेसेज आला : ‘तिसरी कथा कोरी आहे.’ माझ्या फोनवर ती नीट दिसत होती. दहा मिनिटांनी दुसरा मेसेज, मग तिसरा. तक्रार करणाऱ्या सगळ्यांचे फोन डार्क मोडवर होते. आमची साइट तेव्हा पान काळं करायची आणि अक्षरं पांढरी. पण या कथेच्या प्रत्येक परिच्छेदाला वर्डमधून येतानाच ‘रंग : काळा’ अशी चिठ्ठी चिकटून आली होती. काळ्यावर काळं. कथा तिथे होती, फक्त दिसत नव्हती.

ती चिठ्ठी लेखिकेने लावली नव्हती, मीही नाही. आमच्या एडिटरने ती निमूटपणे आत घेतली आणि आम्हाला दाखवलीसुद्धा नाही. माझं भांडण आहे ते इथे.

या एडिटरांना आमच्या धंद्यात ‘विझिविग’ म्हणतात. म्हणजे, जे दिसतं तेच मिळतं. हे वचन कागदासाठी जन्माला आलं. 1974 मध्ये अमेरिकेत झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात बटलर लॅम्पसन आणि चार्ल्स सिमोनी यांनी ब्राव्हो नावाचा एडिटर तयार केला. पडद्यावर जसं दिसेल तसंच छापून येईल, ही त्यामागची कल्पना. सिमोनी पुढे मायक्रोसॉफ्टमध्ये गेले आणि तिथे वर्डचा पाया घातला गेला. कागदावर हे वचन खरंच होतं. पानाचा आकार ठरलेला, शाई ठरलेली, हजार प्रती काढल्या तरी सगळ्या सारख्या.

वेबवर कागदच नाही. मी लॅपटॉपवर लिहितो, तुम्ही सहा इंचांच्या फोनवर वाचता, तुमची आई अक्षर दुप्पट मोठं करून वाचते. तिथे ‘जे दिसतं तेच मिळतं’ याचा अर्थ एवढाच उरतो, की जे मला दिसतं ते मलाच मिळतं. तुमचं काय, ते तुमच्या नशिबावर.

डोळ्यांनी बघत लिहिणं वाईट, असं मी म्हणत नाही. टिम बर्नर्स-ली यांनी 1990 मध्ये केलेला पहिला ब्राउझर हा एडिटरही होता. त्यातही खुणा हाताने लिहायची गरज नव्हती. मजकूर निवडायचा आणि सांगायचं, हे शीर्षक, ही यादी. लिहिणाऱ्याने सांगायचं की ही ओळ काय आहे. ती कशी दिसेल हे वाचणाऱ्याच्या यंत्राने ठरवायचं. वेबचा मूळ करार हा आहे. आपण तो रोज मोडतो, आणि सगळ्यात जास्त मोडतो तो बोल्डच्या बटणाने.

उपशीर्षक हवं असलं की आपण काय करतो? ओळ लिहितो, बोल्ड करतो, अक्षर मोठं करतो, वर-खाली दोनदा एंटर मारतो. दिसायला झकास. पण यंत्राच्या लेखी ते उपशीर्षक नाहीच. तो एक जाडजूड परिच्छेद आहे.

‘दिसतंय ना, मग झालं’ असं मीही म्हणायचो. माझा एक मित्र दृष्टिहीन आहे. एनव्हीडीए नावाचं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर त्याला संगणकावरचा मजकूर वाचून दाखवतं. त्यात ‘एच’ ही कळ दाबली की पुढच्या शीर्षकावर जाता येतं. तुम्ही लेखावर नजर फिरवून हवा तो भाग गाठता, तसं तो या कळीने गाठतो. आमच्या अंकातला एक मोठा लेख त्याने उघडला, कळ दाबली आणि उत्तर आलं : पुढे शीर्षक नाही. त्या लेखात सात उपशीर्षकं होती. सगळी बोल्ड. तो म्हणाला, ‘तुझा लेख म्हणजे मध्ये कुठेच न थांबणारी लोकल आहे. चढलो की शेवटपर्यंत बसायचं.’

मराठी माणसाला हा धडा नवा वाटायला नको. युनिकोडच्या 1991 च्या पहिल्या आवृत्तीतच देवनागरी होती. तरी पुढे कित्येक वर्षं आपण असे फॉन्ट वापरत राहिलो ज्यांत पडद्यावर ‘क’ दिसायचा, पण आत साठवलेलं असायचं एखादं रोमन अक्षर नाहीतर चिन्ह. ज्याच्याकडे तो फॉन्ट, त्यालाच मराठी. बाकीच्यांना किडामुंगी. त्यात शोधता येत नव्हतं, दुसरीकडे नेता येत नव्हतं. तेव्हाही उत्तर हेच होतं : ‘दिसतंय ना, मग झालं.’ आज फॉन्टची चूक सुधारली आहे, सवय तशीच आहे.

बरं, त्या टूलबारवरची निम्मी बटणं आपल्या लिपीसाठी केलेलीच नाहीत. तिरपं अक्षर ही रोमन छपाईची परंपरा. देवनागरीच्या बहुतेक फॉन्टांत तिरपा अवतार नसतोच, म्हणून ब्राउझर सरळ अक्षर ढकलून वाकवतो. दोन्ही कडा जुळवणारं जस्टिफायचं बटण फोनच्या अरुंद पडद्यावर शब्दांमध्ये खिंडारं पाडतं. अक्षरांमधलं अंतर वाढवलंत तर शिरोरेषाच तुटते.

यावर हमखास येणारा आक्षेप असा : लेखकाने कथा लिहावी की एचटीएमएल शिकावं? कथाच लिहावी. कवितेला कोडिंगची परीक्षा लावणाऱ्या मंडळींतला मी नाही. दोष आधी आमचा आहे. मी स्वतः एका ग्राहकाच्या साइटवर असा एडिटर बसवला आहे. ‘अगदी वर्डसारखा हवा,’ ते म्हणाले. मी चौदा बटणं दिली. त्यांत रंगाचं बटण पहिल्या रांगेत होतं आणि शीर्षकाची सोय एका बंद यादीच्या पोटात. माणूस समोरचं बटण दाबणार, यात नवल काय? रंग, फॉन्ट, आकार ही बटणं काढून टाकायला आणि पेस्ट होताना चिठ्ठ्या झाडून टाकायला मला फार तर दोन दिवस लागले असते. मी ते केलं नाही, कारण डेमोमध्ये चौदा बटणं भरगच्च दिसतात.

तोवर तुमच्या हातात दोन गोष्टी आहेत. बाहेरून आणलेला मजकूर कंट्रोल-शिफ्ट-व्ही ने, म्हणजे साधा करून चिकटवा. आणि शीर्षकाला यादीतलं शीर्षकच द्या. ते जरा बेढब दिसलं तरी चालेल, ते सुंदर करणं हे साइट बनवणाऱ्याचं काम आहे.

त्या दिवशी मी तिसऱ्या कथेतल्या चिठ्ठ्या एकेक करून काढल्या. दुपार झाली. दिवाळीच्या सकाळी लोक अंक उघडतात, एकदा उघडतात. ज्यांनी कोरं पान पाहिलं त्यांतले किती परत आले, ते मला माहीत नाही. लेखिकेने ती कथा दोन वर्षं लिहिली होती.