शाळेची वर्गणी आणि वर्गणीचा हिशेब

जूनच्या मध्यावर शाळा उघडतात आणि त्याच सुमारास पेरणीची घाई अंगावर येते. बी-बियाणे, खत, बैलाचा किंवा ट्रॅक्टरचा खर्च आणि पोराची वही-दप्तरे, हे सारे शेतकऱ्याच्या घरात एकाच आठवड्यात दारात उभे राहते. त्याच आठवड्यात शाळेतून निरोप येतो की, पालकांची सभा आहे, सर्वांनी यावे. वर्गणीचाही विचार करावयाचा आहे. घरधनी म्हणतो, "मास्तर काय ते बघतील." घरधनीण म्हणते, "मला आज कामावर जायचे आहे." सुताराची पटाशी थांबत नाही, कुंभाराचे चाक थांबत नाही. मग सभा भरते ती मास्तर, एक-दोन पुढारी आणि रिकाम्या सतरंज्या यांची. ठराव मात्र "सर्वानुमते" होतो! दुसऱ्या दिवशी कार्यवृत्ताची वही घरोघर फिरते आणि चूल फुंकत असलेल्या बाईपुढे ती ठेवून सांगण्यात येते, "ताई, येथे सही करा." ताई सही करते. कशावर केली, हे तिला कोणी सांगत नाही व तीही विचारीत नाही.

सारोळे व आसपासच्या गावच्या आमच्या शेतकरी व कारागीर बंधुभगिनींस आज आम्हांस जे सांगावयाचे आहे, ते ह्या सहीविषयी आहे. ही सही म्हणजे केवळ उपचार नव्हे. सरकारने आईबापांच्या हाती दिलेली ती सत्ता आहे, आणि आपण ती न वाचताच परत करीत आहो.

प्रथम कायदा काय म्हणतो ते पाहू. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या हक्काचा कायदा 2009 साली झाला व 1 एप्रिल 2010 पासून अमलात आला. त्याच्या 21 व्या कलमाप्रमाणे सरकारी, जिल्हा परिषदेच्या व अनुदानित शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असलीच पाहिजे. तिच्या सभासदांपैकी निदान तीन-चतुर्थांश हे मुलांचे आईबाप वा पालक असावेत. एकंदर सभासदांत निम्म्या स्त्रिया असाव्यात. आणि गावातील दुर्बल व मागासलेल्या घरांच्या पालकांस त्यांच्या प्रमाणात जागा मिळावी, असे त्यात स्पष्ट आहे. शाळेच्या कामावर देखरेख ठेवणे, शाळेच्या विकासाचा आराखडा करणे आणि आलेला पैसा कसा खर्च झाला हे तपासणे, ही ह्या समितीची कामे होत. आपल्या महाराष्ट्रात अध्यक्ष हा पालकांतूनच निवडावयाचा असतो आणि मुख्याध्यापक हे तिचे सचिव असतात. म्हणजे ज्या बाईकडे वही "सहीपुरती" येते, ती बाई कायद्याने त्या शाळेची तपासनीस आहे! हे आमच्या किती भगिनींस ठाऊक आहे?

ही सत्ता फुकट मिळालेली नाही. तिच्यामागे सव्वाशे वर्षांहून अधिक काळाचे भांडण आहे. इंग्रजी मुलखात शेतसाऱ्याच्या दर रुपयामागे एक आणा लोकल फंड शेतकऱ्याकडून घेतला जात असे व त्यातील तिसरा हिस्सा शिक्षणाचा म्हणून ठेवला जाई. पैसा गेला रयतेचा. पण शाळा कोठे निघाल्या आणि शिकले कोण? जोतीराव फुले यांनी 1882 साली हंटर कमिशनपुढे जे निवेदन दिले, त्यात हाच सवाल टाकला. मुंबई इलाख्यातील सुमारे दहा लक्ष मुलांस प्राथमिक शिक्षणाची काहीच सोय नाही, असे सांगितले जाते, हे त्यांनी कमिशनच्या नजरेस आणले. निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत शिक्षण सक्तीचे करावे व शिक्षक शेतकरी वर्गातून निर्माण व्हावेत, अशी मागणी केली. त्यांच्या म्हणण्याचे सार हिशेबाचेच होते. देणारा कोण, आणि लाभ कोणास?

पुढे शाहू छत्रपतींनी 1917 साली करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले आणि मूल शाळेत न पाठविणाऱ्या पालकास महिना एक रुपया दंड ठेवला. इकडे भोरचा बहुतेक मुलूख 1948 पर्यंत पंत सचिवांच्या संस्थानात होता. सारोळ्याच्या पुलाखालून वाहणारी नीरा ओलांडली की सातारा जिल्हा लागतो, आणि त्या जिल्ह्यात भाऊराव पाटलांनी 1919 साली काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली. वसतिगृहातील मुलांस उपाशी ठेवावयाचे नाही म्हणून त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी अंगावरचे दागिने दिले, मंगळसूत्रही दिले. ह्याच संस्थेने पुढे खेडोपाडी शेकडो व्हॉलंटरी शाळा चालविल्या. त्या कशावर चालल्या? कोणी धान्य दिले, कोणी जागा दिली, कोणी अंगमेहनत दिली. गरिबाने दिले, म्हणून गरिबाचा मुलगा शिकला.

ह्या दोन गोष्टी आम्ही मुद्दाम शेजारी शेजारी ठेवतो. जोतीरावांनी सांगितले, तुमच्या कराच्या पैशाचा हिशेब मागा. भाऊरावांनी दाखविले, आपल्या हातचेही घाला. पैकी एकच धरून चालत नाही. जो केवळ मागतो, त्याची शाळा वाट पाहण्यातच मोडते. जो केवळ देत राहतो, तो सरकारला त्याच्या कर्तव्यातून मोकळे करतो.

म्हणून वर्गणीचा विषय निघाला की पहिला प्रश्न असा करावा: ही वस्तू वर्गणीतून घ्यावयाची आहे की हक्काने मागावयाची आहे? कायद्याच्या परिशिष्टात लिहिले आहे की, शाळेस उन्हापावसात टिकणारी इमारत, पिण्याचे शुद्ध पाणी, मुलामुलींसाठी वेगवेगळी शौचगृहे, खेळाचे मैदान, कुंपण वा भिंत व ग्रंथालय असावे. पट साठपर्यंत असला तरी दोन शिक्षक असावेत; एकसष्ट ते नव्वद मुलांस तीन असावेत. ही सरकारची व जिल्हा परिषदेची देणी आहेत. डिझेल घेताना, साबण घेताना आपण कर भरतो. ही देणी त्या करातूनच फिटावयाची आहेत. मुलींच्या शौचगृहाला दार नाही म्हणून मजुरी करणाऱ्या बाईकडे शंभर रुपये मागणे, हे एकच ऋण दोनदा वसूल करण्यासारखे आहे. त्यासाठी समितीचा ठराव, ग्रामसभेचा ठराव व गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज करावा, आणि अर्जाची पोच दप्तरी ठेवावी.

समग्र शिक्षा योजनेतून शाळेस दरसाल संयुक्त अनुदान देण्याचे धोरण आहे. त्याच्या दराप्रमाणे तीसहून अधिक व शंभरपर्यंत पट असलेल्या शाळेस 25,000 रुपये आणि शंभरावर अडीचशेपर्यंत पट असलेल्या शाळेस 50,000 रुपये ठरविलेले आहेत, व त्यातील निदान दहावा हिस्सा स्वच्छतेवर खर्चावयाचा आहे. आपल्या शाळेस किती आले, कधी आले, कशावर गेले, हे वर्गणी काढण्यापूर्वी सभेत विचारावे. ह्यात मास्तरांवर अविश्वास नाही. प्रामाणिक मास्तरास तर हा प्रश्न हवाच असतो. कारण अनुदान अपुरे वा उशिरा आले, तर ती गोष्ट त्याने एकट्याने वर सांगणे निराळे आणि पन्नास पालकांनी सह्यांनिशी सांगणे निराळे.

हक्काचे मागून झाल्यावरही उरते ते गावाने घालावे. गोष्टींची पुस्तके, खेळाचे साहित्य, सहलीला पैसे नसलेल्या मुलाचा वाटा, बालवर्गाच्या भिंतीवरची चित्रे, ही गावाच्या मायेची कामे होत. समजा, एखाद्या गावी ऐंशी घरांनी महिना दहा रुपये दिले, तर वर्षाचे 9,600 रुपये होतात. दहा रुपयांनी कोणाचे घर बुडत नाही, पण वर्षाअखेर शाळेत एक कपाट पुस्तके उभी राहतात. ज्याच्याकडे दहा रुपये नाहीत त्याने एक दिवस द्यावा. सुताराने बाक ठोकावा, गवंड्याने ओटा बांधावा, शेतकऱ्याने कुंपणाची खड्डेखोदाई करावी. आणि हिशेबाच्या वहीत त्याच्या दिवसाची मजुरी रोख रकमेच्या बरोबरीने, त्याच्या नावाने मांडावी. तालेवाराचे पाच हजार मोठ्या अक्षरांत व मजुराचा दिवस कोठेच नाही, असली वही आम्हांस मान्य नाही.

परंतु वर्गणीवर सक्ती नको. कायद्याच्या 13 व्या कलमाप्रमाणे प्रवेशाच्या वेळी देणगी घेणे हा गुन्हा आहे व घेतलेल्या रकमेच्या दहापटीपर्यंत दंड सांगितला आहे. वर्गणी दिली नाही म्हणून मुलाचे नाव फळ्यावर लिहिणे किंवा त्याला वर्गात उभे करणे, हे तर पाप होय. बापाच्या खिशाची शिक्षा लेकरास देऊ नये.

आता कारखानदारांच्या देणग्यांविषयी. नीरेपलीकडे शिरवळच्या बाजूस कारखाने उभे आहेत आणि आपली तरुण मुले तेथे कामास जातात. त्यांनी शाळेस मदत केली तर ती अवश्य घ्यावी. मात्र 2023 साली सरकारने शाळा दत्तक देण्याची योजना काढली, ती डोळ्यांआड करू नये. ग्रामीण शाळेसाठी पाच वर्षांकरिता 50 लाख वा दहा वर्षांकरिता 1 कोटी रुपये मोलाच्या वस्तू व सेवा देणाऱ्यास आपले नाव शाळेच्या नावास जोडता येईल, असे तिच्यात ठरले. दानशूराचा मान राखावा. परंतु ज्या शाळेस आपल्या आजोबांनी दगड वाहिले, तिच्या पाटीवर कोणाचे नाव लागावे, हा प्रश्न समितीने भर सभेत ठरवावा. बंद दाराआड तो ठरू नये.

कोणी म्हणेल, "आम्ही अडाणी, आम्हांस हिशेब काय कळतो?" हे म्हणणे आम्ही मुळीच मान्य करीत नाही. गावच्या जत्रेची वर्गणी निघते तेव्हा पारावर बसून पै-पैचा जाब घेतला जातो. शामियान्याचे किती, तमाशाचे किती, प्रसादाचे किती, सारे गावाला तोंडपाठ असते. आमच्या भगिनी बचत गटाची वही चालवितात. ठरल्या तारखेस जमतात, उशिरा आलेलीस दंड करतात, कर्ज देतात व व्याजासकट वसूल करतात. ज्या बाईस गटाचा हिशेब कळतो, तिला शाळेचा कळणार नाही काय? कळतो, मात्र तिला कोणी विचारीत नाही. सभा भर दुपारी, मजुरीच्या वेळी ठेवावयाची आणि मग बायका येत नाहीत म्हणून हात झटकावयाचे, ही रीत सोडली पाहिजे. सभा बायकांच्या सोयीने, सायंकाळी, आठवडे बाजाराचा दिवस टाळून ठेवावी. मागील सभेचे कार्यवृत्त मोठ्याने वाचून दाखवावे. ज्याने ऐकले त्यानेच सही करावी. सभा संपल्यावर घरोघर वही फिरविणे बंद करावे.

आणखी एक रोग आहे. समितीचे अध्यक्षपद म्हणजे ग्रामपंचायतीच्या निवडणुकीची पहिली पायरी, असे समजून काही मंडळी तेथे गट पाडतात. ज्या घरातील मुले दुसऱ्या शाळेच्या बसने जातात, त्यांनीच जिल्हा परिषदेच्या शाळेचा कारभार पडद्याआडून चालवावा, हा कोठला न्याय? ज्याचे लेकरू त्या सतरंजीवर बसते, त्याचाच शब्द तेथे चालावा.

ह्या साऱ्या गोष्टी आज तातडीच्या का आहेत? 2023 साली राज्यात वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचा विचार सरकारी पत्राने पुढे आला, आणि त्यात नमुना म्हणून नाव आले ते आपल्या शेजारच्या वेल्हे, म्हणजे आता ज्यास राजगड तालुका म्हणतात, तेथील पानशेतचे. मोठ्या शाळेत सोयी अधिक असतील. परंतु डोंगरातल्या वाडीची सहा वर्षांची मुलगी पावसाळ्यात रोज किती लांब जाईल, हे वाडीच्या आईबापांहून अधिक कोणास कळणार? उद्या असा प्रश्न कोणत्याही गावापुढे आला, तर त्या गावाच्या वतीने बोलणार कोण? जिची सभा दरमहा भरते, जिचे ठराव खरे आहेत, जिचा हिशेब भिंतीवर लागतो, अशी समिती बोलू शकेल. रिकाम्या सतरंजीला तोंड नसते.

गाव उभे राहिले तर काय होते, ह्याचा दाखला आपल्याच जिल्ह्यात आहे. खेड तालुक्यातील जालिंदरनगरची जिल्हा परिषदेची शाळा 2025 साली जगातील उत्तम शाळांच्या पारितोषिकांत लोकसहभागाच्या विभागात निवडली गेली आणि लोकांच्या मतांचे पारितोषिक तिने मिळविले. जिल्हा परिषदही तीच, सरकारही तेच.

तेव्हा, बंधुभगिनींनो, येत्या सभेस जावे. नवरा-बायको दोघांनी जावे. एकालाच सवड असेल तर बायकोने जावे. चार प्रश्न विचारावे: अनुदान किती आले? वर्गणी किती जमली? कशावर गेली? शिल्लक किती व कोठे आहे? ह्यांची उत्तरे मोठ्या अक्षरांत लिहून शाळेच्या दर्शनी भिंतीवर तीन महिन्यांनी लावण्याचा ठराव करावा, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्यास ती वाचता येतील आणि ज्यास वाचता येत नाही त्यास त्याचे लेकरू वाचून दाखवील. पोराने शाळेत शिकलेली पहिली बेरीज आपल्या आईबापांच्या पैशाची करून दाखवावी, ह्याहून शाळेचे मोठे फळ ते कोणते?