चौपाटीवरील खेळ

सुट्टीच्या दिवशी मुंबईच्या जुहूवर किंवा अलिबागच्या किनाऱ्यावर संध्याकाळी माणसांची एकच दाटी होते. भेळ खाऊन होते, पाय भिजवून होतात, वाळूचे किल्ले लाटा नेतात. आणि मग मुलांची दृष्टी फुग्यांच्या फळीकडे वळते. ओळीने लावलेले रंगीत फुगे, समोर टेबलावर छऱ्यांची बंदूक, शेजारी साबणाच्या वड्या नि बाहुल्या मांडून त्यांवर कड्या टाकण्याचा खेळ, पलीकडे हाताने फिरवावयाचा लहानसा पाळणा, एवढाच हा संसार असतो. परंतु येथे पोहोचताच घरातील वडील मंडळींत दोन तट पडतात. ‘ही शुद्ध लूट आहे, चला पुढे,’ असे एक तट म्हणतो. ‘पोर हिरमुसले आहे, आणखी एकदा खेळू द्या,’ असे दुसरा म्हणतो. हे दोन्ही तट एकच चूक करीत असतात. खेळाचे पैसे बक्षिसासाठी दिले जातात, असे दोघांनीही गृहीत धरलेले असते.

पाळण्यातून उतरल्यावर ‘आपल्याला काय मिळाले?’ असे कोणीही विचारीत नाही. पाळणा फिरला, पोटात गोळा आला, दूरवर समुद्र दिसला, पैसे फिटले. मग फुग्यांपाशीच हा प्रश्न का निघावा? बंदुकीची माशी अनेकदा किंचित सरकलेली असते आणि कडी वस्तूपेक्षा फारशी मोठी नसते, हे खरे आहे. पण प्रत्येक कडीमागे एक बाहुली देऊ लागल्यास त्या गरीब खेळवाल्याची चूल कशी पेटावी? त्याला लुटारू म्हणणाऱ्याने एकदा त्याच्या जागी उभे राहून दिवसभर फुगे फुगवून पाहावेत.

तेव्हा खेळ चांगला की वाईट, हे बक्षिसावरून ठरू नये. त्याची कसोटी निराळी आहे. दुसऱ्या वेळी खेळताना हात पहिल्या वेळेपेक्षा शहाणा झाला की नाही, एवढेच पाहावे.

या कसोटीस छऱ्यांची बंदूक उत्तम उतरते. पहिला छर्रा लाल फुग्यावर धरावा, तर तो डावीकडून निसटून जातो. अधीर मुलगा पुन्हा तेथेच नेम धरतो नि पुन्हा चुकतो. विचारी मुलगी मात्र छर्रा कोठे लागला ते पाहते, तेवढाच नेम उजवीकडे सरकवते, आणि फुगा फट्‌कन फुटतो. वारा आला की फुगे हलतात. तो पडेपर्यंत थांबावे लागते. श्वास आत-बाहेर होत असला तर नळी वरखाली होते. म्हणून क्षणभर तो रोखावा लागतो. कडीचेही असेच आहे. उंचावरून जोराने फेकलेली कडी उसळून बाजूला पडते. हलकेच, आडवी, थोडी फिरकी देऊन सोडलेली कडी बसण्याचा संभव अधिक. हे कोणत्याही पुस्तकात न वाचता मुले सहा छऱ्यांत नि पाच कड्यांत शिकतात. (बंदूक खेळातली असली तरी नळी माणसाकडे वळवावयाची नाही, हेही तेथेच शिकावे.) मात्र या शिक्षणात एक विघ्न नेहमी येते, आणि ते म्हणजे हौशी काका. मुलाचे दोन नेम चुकताच ते बंदूक स्वतःच्या हाती घेतात, चार फुगे फोडतात आणि मिळालेले प्लास्टिकचे विमान मुलाच्या हातात देतात. त्या विमानाचे चाक घरी पोहोचण्यापूर्वी निखळते. मुलाचा जो नेम तिसऱ्या छऱ्याला लागावयाचा होता, तोही गेलेला असतो.

अलीकडे अशा ठिकाणी आणि शहरांतील मोठ्या दुकानांत एक काचेची पेटी आली आहे. तिच्यात मऊ अस्वले, ससे यांचा ढीग असतो आणि वरून लोंबणारा पोलादी पंजा दांडीने हलवून खाली सोडता येतो. पंजा सशाला धरतो, उचलतो आणि वाटेत सोडून देतो. ‘थोडक्यात हुकले!’ असे सारे घर ओरडते. येथेच खरा धोका आहे. अशा अनेक यंत्रांत पंजाची पकड किती घट्ट असावी आणि ती कितव्या खेपेला घट्ट व्हावी, हे मालकाला आधीच ठरवून ठेवता येते. समजा, एक खेप वीस रुपयांची आहे नि घट्ट पकड दर वीस खेपांतून एकदाच येते. म्हणजे एका सशामागे पेटीत चारशे रुपये जमा होतात. बाकीच्या एकोणीस खेपांत मुलाने कितीही अचूक नेम धरला तरी पंजा सैलच राहणार. हात शहाणा होण्यास तेथे वावच नाही. फक्त तसा भास होतो. उघड नशिबाचा खेळ एक वेळ पत्करला, कारण तो आपले नाव लपवीत नाही.

कौशल्य आणि नशीब यांतील हा भेद कायद्यानेही जुन्या काळापासून मानलेला आहे. १८८७ च्या मुंबई जुगार प्रतिबंधक अधिनियमाने निव्वळ कौशल्याचे खेळ वगळले. १९५७ साली शब्दकोड्यांसारख्या बक्षीस-स्पर्धांचा वाद सर्वोच्च न्यायालयापुढे आला, तेव्हा ज्या स्पर्धेतील यश बऱ्याच अंशी कौशल्यावर अवलंबून असते ती जुगार नव्हे, असे न्यायालयाने सांगितले. पुढे खेळ मोबाइलवर आले, आणि जिंकण्याच्या आशेने लोक तेथे पैसे लावू लागले. त्यांच्याविषयी संसदेने २०२५ साली जो कायदा संमत केला, त्यात हा भेद ठेवलेला नाही. कौशल्याचा असो वा नशिबाचा, पैसे लावून खेळावयाचा ऑनलाइन खेळ त्याने निषिद्ध ठरविला. चौपाटीवर मुलाचे दहा-वीस रुपये संपले की खेळ आपोआप थांबतो आणि जवळ आई उभी असते. मोबाइलवरील पैशांच्या खेळात रात्र संपली तरी खेळ संपत नसे, आणि घरातल्यांना गेलेल्या रकमेचा पत्ता फार उशिरा लागे.

म्हणून मुलांना फुग्यांच्या फळीपासून ओढून दूर नेऊ नये. घरून निघतानाच खेळाचे पैसे ठरवावेत आणि मुलांच्या हाती द्यावेत. मागाहून त्यांत भर घालू नये. सहा छऱ्यांत तीन भावंडांना प्रत्येकी दोन येतात. आजीला एक द्यावयाचा असेल तर कोणाचा वाटा कमी करावा, यावर थोडे भांडण होईल. ते होऊ द्यावे. आजीने बहुधा जन्मात बंदूक धरलेली नसते. ती नको नको म्हणते, पदर खोचते, डोळा भलताच मिटते आणि एखादे वेळी तिचाच छर्रा फुग्याला लागतो. नाहीच लागला, तर बंदूक कोणत्या बाजूला मारते, हे खेळवाल्याला सरळ विचारावे. रात्री गर्दी ओसरली असेल, तर तो हसून सांगतोही.