बंदुकीवरचा कुत्रा कोणी कोरला?

आधीच सांगून टाकतो, या लेखावर दोन प्रकारची मंडळी चिडणार आहेत. एक, 'बंदूक' हा शब्द वाचूनच कपाळाला आठ्या घालणारी. दुसरी म्हणजे ज्यांच्यासोबत मी गेली काही वर्षं माझे अर्धे वीकेंड घालवतोय ती संग्राहक मंडळी. पैकी दुसऱ्यांना मराठी येत नाही, म्हणून मी हे मराठीत लिहितोय!

मी हार्टफर्डजवळ राहतो, कनेक्टिकटमध्ये. इथे विमा कंपन्या खंडीभर, आणि त्यामुळे आपली आयटीवाली जनताही खंडीभर. पण इथून अर्ध्या तासावरच्या मेरिडन नावाच्या गावात एके काळी अमेरिकेतली सगळ्यात नावाजलेली दुनळी शॉटगन बनायची, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असतं. पार्कर ब्रदर्स. १८६०च्या दशकाच्या अखेरीपासून दुसऱ्या महायुद्धापर्यंत सुमारे २ लाख ४० हजार बंदुका त्यांनी बनवल्या. मध्ये १९३४ साली रेमिंग्टननं कंपनी विकत घेतली. फिलाडेल्फियाची ए. एच. फॉक्स, फुल्टनची एल. सी. स्मिथ, सिरॅक्यूजची लिफीव्हर, इथाकाची इथाका हे बाकीचे मातब्बर. आता या जुन्या बंदुका जमवणाऱ्यांचं एक वेगळंच जग आहे. एच१बीवर असताना मी नुसताच बघ्या होतो (त्या व्हिसावर बंदूक घेता येत नाही, शिकारीचा परवाना काढला तर वाट निघते, पण ते असो).

मला या बंदुकांची ओढ लागली ती त्यांच्यावरच्या कोरीव कामामुळे. नळ्यांच्या मागे जो पोलादी भाग असतो, जेमतेम तळहाताएवढा, त्यावर वेलबुट्टी आणि मध्ये एक चित्र. गवतात पाय उचलून थिजलेला पॉइंटर, समोरून भुर्रकन उडणारे लावे. हे सगळं हातानं, कोरणी आणि हातोडी घेऊन, पोलादात. इथे 'अनडू' नाही.

आता पार्करच्या ग्रेडची भानगड ऐका. सगळ्यात स्वस्त ट्रोजन, तिच्यावर नक्षी जवळपास नाहीच. मग व्ही, जी, डी, सी, बी, ए, डबल ए, ए-वन स्पेशल अशी चढती भाजणी. त्याच्याही वर 'इन्व्हिन्सिबल', ज्या फक्त तीन बनल्या. गंमत अशी की आतलं यंत्र सगळ्यांचं जवळजवळ सारखंच. फरक लाकडाचा, नळ्यांच्या पोलादाचा, हातानं केलेल्या सफाईचा आणि मुख्य म्हणजे नक्षीचा. तेव्हाचा ग्राहक डी ग्रेडसाठी जे जास्तीचे डॉलर मोजत होता, त्यातला मोठा वाटा कुणा एका माणसाच्या बाकावरच्या तासांचा होता.

तर तो माणूस कोण?

हा प्रश्न मी एका गन शोमध्ये विचारला. टेबलावर डी ग्रेडची सुंदर पार्कर होती. विकणारे गृहस्थ सत्तरीचे, अत्यंत सज्जन. मी म्हटलं, हा कुत्रा कोणी कोरला? म्हणाले, "पार्कर." मी म्हटलं, तसं नाही, कोरणारा माणूस कोण? त्यांनी माझ्याकडे जरा दयेनं पाहिलं आणि म्हणाले, "ऐंशी टक्के केस कलर शिल्लक आहे."

माझं भांडण या उत्तराशी आहे.

केस कलर म्हणजे काय ते सांगतो. कोरणारा मऊ पोलादावर काम करायचा. त्याचं झालं की तो भाग हाडांच्या आणि लाकडाच्या कोळशात भरून तापवायचे आणि एकदम पाण्यात बुडवायचे. वरचा थर कडक होतो, आणि त्यावर निळे, तपकिरी, पिवळसर असे ढगांसारखे रंग उमटतात. दिसतात फार देखणे, वाद नाही. पण हे रंग हाताच्या घासण्यानं आणि उन्हानं उडतात. म्हणजे जी बंदूक माणसानं वापरली तिचे रंग गेले, जी कपाटात पडून राहिली तिचे टिकले. आणि आजचा बाजार पहिल्यांदा काय मोजतो? किती टक्के रंग शिल्लक!

आता माझ्यासारख्या अडाण्याला पडलेला प्रश्न बघा. रंग म्हणजे भट्टी आणि पाणी यांची करामत. (भट्टीवाला कसबी असायचा, मान्य.) कोरीव काम म्हणजे एका माणसाची नजर आणि मनगट. रंग दाट असेल तर त्या ढगांत बारीक रेघा हरवून जातात. रंग उडून पोलाद चंदेरी झालं की कुत्र्याच्या बरगड्या मोजता येतात. अर्थात घासून घासून नक्षीच सपाट झाली असेल तर गोष्ट वेगळी, तशाही बंदुका असतात. पण रेघा खोल आहेत आणि रंग गेलाय अशा बंदुकीला 'थकलेली' म्हणून बाजूला सारायचं आणि जिच्यावरचं चित्र धड दिसत नाही तिला डोक्यावर घ्यायचं, याला मी रसिकता म्हणू?

दुसरं वेड कागदाचं. पार्करच्या जुन्या वह्या बऱ्याच टिकल्यात आणि संग्राहकांची संघटना त्यांवरून तुमच्या बंदुकीचं पत्र देते. हे काम मोलाचं आहे, त्यांना सलाम. पण त्या पत्रात असतं काय? ग्रेड, गेज, नळ्यांची लांबी, दस्त्याचं माप, माल कुणाला गेला, दुरुस्तीला कधी परत आला. कोरणाऱ्याचं नाव सहसा नसतंच. म्हणजे १९१० साली कुठल्या दुकानदारानं ती मागवली हे आपल्याला कळतं. आपल्या धंद्यात सोर्स कंट्रोलमध्ये 'ब्लेम' मारला की २ वाजून ४० मिनिटांनी कोणी घाण केली ते नावानिशी दिसतं. मेरिडनमध्ये तसं काही नव्हतं.

तिसरं वेड नावाचं, पण भलत्याच माणसाच्या. १९०९ साली माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट आफ्रिकेच्या सफारीवर गेले, तेव्हा अ‍ॅन्स्ली फॉक्सनं त्यांना एफई ग्रेडची बंदूक भेट दिली. २०१०च्या ऑक्टोबरमध्ये ती लिलावात ८ लाख ६२ हजार ५०० डॉलरला गेली. तिच्यावरची नक्षी उत्तमच आहे. पण तीच नक्षी एखाद्या दंतवैद्याच्या बंदुकीवर असती तर हा आकडा स्वप्नातही दिसला नसता. पैसे रूझवेल्टच्या खांद्याचे होते.

संग्राहक म्हणतात, "अरे, नावं मिळतच नाहीत तर आम्ही काय करणार?" सपशेल खोटं! जिथे कोणी चिकाटी दाखवली तिथे मिळालीत. न्यूयॉर्कचा नक्षीकार एल. डी. निम्श्के आपल्या कामाचे कागदावर ठसे घेऊन वहीत चिकटवून ठेवायचा. ती वही १९६५ साली छापली गेली आणि कितीतरी अनाम बंदुकांना बाप मिळाला. विंचेस्टरच्या उलरिक मंडळींच्या काही कामांवर सह्या आहेत. ऑस्ट्रियातून आलेला रुडॉल्फ कॉर्नब्राट तर आमच्या हार्टफर्डमध्येच दुकान थाटून बसला होता, त्याचं नाव आज लोक आदरानं घेतात. फॉक्सकडच्या विल्यम गॉफचं नावही ठाऊक आहे. पण यांच्या आजूबाजूच्या बाकांवर बसलेल्यांचं काय?

आणि खरा विनोद पुढेच आहे. या बाजारात एक जुनी लबाडी चालते. साध्या ग्रेडची बंदूक घ्यायची, तिच्यावर नव्यानं नक्षी करून घ्यायची आणि वरच्या ग्रेडची म्हणून खपवायची. असा माल समोर आला की हेच जाणकार भिंग काढतात आणि सांगतात, हा हात मेरिडनचा नव्हे. गवताची पाती अशी नसतात, कुत्र्याचा जबडा चुकलाय, वेलीचं वळण नवं आहे. म्हणजे हात ओळखता येतो! चोर पकडायचा असला की येतो, कारागिराला ओळखायचं म्हटलं की भिंग परत खिशात. ज्या चित्रकारांची नावं हरवली त्यांना कलेचे अभ्यासक 'अमुक चित्राचा उस्ताद' असं कामचलाऊ नाव देऊन त्यांची कामं एकत्र लावतात. बंदुकांच्या कॅटलॉगमध्ये ते करायला कोणी अडवलंय? निदान 'कोरणारा: अज्ञात' एवढी ओळ तरी छापा. मग ती रिकामी जागा डोळ्यांत खुपेल.

आता पहिल्या प्रकारच्या मंडळींकडे. सँडी हूक इथून तासाभराच्या आत आहे. २०१२च्या डिसेंबरमध्ये तिथल्या शाळेत २० लहान मुलं आणि ६ मोठी माणसं मारली गेली. तेव्हा "ही बंदूक नाहीच, ही कला आहे" असं म्हणणारे संग्राहक मला पटत नाहीत. ती बंदूकच आहे, कुलपातच ठेवायची वस्तू आहे, आणि तिच्यावरचे लावे मारण्यासाठीच ती बनली होती. पण तेवढ्यासाठी कोरणाऱ्याला विसरायचं, हेही मला पटत नाही.

ग्रीन कार्ड आल्यावर मी एकच बंदूक घेतली. डी ग्रेड, बारा गेज, केस कलर शून्य टक्के. विकणाऱ्यानं किंमत सांगताना जवळजवळ माफीच मागितली. दोन्ही बाजूंना कुत्रे आहेत. डावीकडच्याचा पुढचा पंजा जरा मोठा झालाय आणि ते सावरायला कोरणाऱ्यानं तिथे गवताची चार पाती जास्त घातलीत. आतापर्यंत अशा अकरा बंदुकांचे जवळून फोटो काढलेत, तिरक्या उजेडात, बाजूला मोजपट्टी ठेवून. त्यातल्या आणखी दोघींवर तेच गवत आहे, पात्यांचा तोच उलटा बाक. या माणसाला मी सध्या 'गवतवाला' म्हणतो. पुढच्या महिन्यात स्प्रिंगफील्डकडचे एक गृहस्थ त्यांची डी ग्रेड दाखवणार आहेत. फोनवर त्यांनी आधीच सांगून ठेवलंय, रंग अजिबात उरलेला नाही म्हणून.