नळीवर 'नॅनो' छापलं म्हणून स्टिरॉइड साधं मलम होत नाही

मंडळी, पोस्ट लांब आहे, पण खाज आपल्या सगळ्यांच्याच घरात आहे, म्हणून पूर्ण वाचा.

पावसाळ्यात महाड-पोलादपुरात लावणीच्या चिखलाने पायाला चिखल्या होतात, ओल्या कपड्यांनी जांघेत, कमरेला गजकर्ण. माणूस मेडिकलमध्ये जातो, "खाजेचं काहीतरी द्या" म्हणतो आणि एक नळी घेऊन येतो. दोन दिवसांत खाज गायब! का? कारण अशा बऱ्याच नळ्यांत बुरशीच्या औषधासोबत क्लोबेटासोल असतं, सर्वात जहाल स्टिरॉइडांपैकी एक. ते त्वचेची लढायची ताकदच दाबतं. लाली उतरते, बुरशी मात्र पसरत राहते. पुढे कातडी पातळ होते, जांघेत फाटल्यासारखे कायमचे पट्टे उठतात. काहीजण तर हेच गोरं व्हायला तोंडाला फासतात!

यावर आता एक नवं उत्तर ऐकवलं जातं: "नॅनो आलंय, आता साइड इफेक्टची चिंता नको." हे मला अजिबात मान्य नाही.

नॅनोकॅप्सूल म्हणजे तेलाचा अतिसूक्ष्म थेंब, त्यात विरघळलेलं औषध आणि भोवती पॉलिमरचं कवच. आकार साधारण 200 नॅनोमीटर, आपला केस त्याच्या शेकडो पट जाड. 1989 मध्ये फ्रान्समध्ये फेसी आणि सहकाऱ्यांनी ती बनवायची सोपी रीत दाखवली: पॉलिमर, तेल आणि औषध अ‍ॅसिटोनमध्ये विरघळवायचं, ते पाण्यात ढवळत ओतायचं, मग अ‍ॅसिटोन काढून टाकायचं. ब्राझीलमध्ये क्लोबेटासोलवरही असं काम झालंय. हेतू चांगलाच आहे. औषध हळूहळू सुटावं, कातडीच्या वरच्या थरात राहावं, रक्तात कमी जावं.

पण कॅप्सूल बनवण्यापेक्षा ती टिकवणं कठीण. पाण्यात ठेवली की कण एकमेकांना चिकटून गुठळ्या होतात. कवचाचं पॉलिमर पाण्यानेच हळूहळू तुटतं. आतलं औषध बाहेर झिरपतं, त्याचे खडे तळाला बसतात. उष्णतेत हे सगळं आणखी लवकर घडतं. कवच गेलं की हातात उरतं काय? तेच जहाल क्लोबेटासोल. नाव तेवढं नॅनो!

आपल्या उशाला एमआयडीसी आहे. तिथे क्वालिटी कंट्रोलला जाणाऱ्या आपल्याच पोरांना विचारा, स्टॅबिलिटी टेस्ट म्हणजे काय. ते सांगतील, महिनोन्‌महिने ठरलेल्या तापमानात आणि दमटपणात माल ठेवून पुन्हा पुन्हा तपासावा लागतो. म्हणून 'नॅनो' म्हणणाऱ्याला आपण एकच विचारायचं: पत्र्याच्या दुकानात मे महिन्याचा उकाडा आणि जुलैचा ओलावा काढल्यावर किती कॅप्सूल शाबूत राहतात? आकडे दाखवा, मग बोला.

आणि समजा टिकल्या, तरी बुरशीवर स्टिरॉइड चुकीचंच. चुकीचं औषध हळूहळू सोडलं म्हणून बरोबर होत नाही. एक्झिमा, सोरायसिसला स्टिरॉइड लागतं, पण तेही डॉक्टरच्या हिशोबाने. क्लोबेटासोल सलग दोन आठवड्यांच्या वर लावायचं नसतं. इथे एकेक नळी महिनोन्‌महिने चालते.

कायदा नाही असंही नाही. मार्च 2018 मध्ये केंद्राने 14 स्टिरॉइडांची मलमं शेड्यूल एचमध्ये टाकली, म्हणजे चिठ्ठीशिवाय विक्री नाही. तरी काउंटरवरून नळ्या जातातच. तिकडे नेहमीच्या औषधाला दाद न देणारी गजकर्णाची बुरशी देशभर पसरलीय. 2020 मध्ये तिचं नावच ठेवलं गेलं ट्रायकोफायटॉन इंडोटिनी. आपल्या देशाच्या नावाने बुरशी, घ्या अभिमान!

कोणी म्हणेल, गरिबाने डॉक्टर कुठून आणायचा? प्रश्न रास्त आहे. पोलादपूरच्या वाडीवरून त्वचेचा डॉक्टर गाठायचा तर दिवसाची मजुरी बुडते. म्हणूनच मागणी करा, पावसाळ्याचे चार महिने दोन्ही तालुक्यांच्या सरकारी रुग्णालयांत आठवड्यातून एक दिवस त्वचारोगाची ओपीडी हवी. अन्न व औषध प्रशासनाने चिठ्ठीविना विक्री तपासावी. ग्रामसभेत हा विषय घ्या, लेखी ठराव करा.

आणि आज घरातली नळी काढून वाचा. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन यातलं काही दिसलं तर डॉक्टरला दाखवा. बरेच महिने लावत असाल तर एकदम बंद न करता आधी विचारा. टॉवेल वेगळा ठेवा. शेजाऱ्याला नळी उसनी देऊ नका.

पटलं तर गावच्या ग्रुपवर टाका. नाही पटलं तर खाली मुद्द्याने भांडा.