पुढचे चाक

सायकलस्वाराचा सारा भरवसा पुढच्या चाकावर असतो. मागचे चाक घसरले, तर तोल बहुधा सावरता येतो. पण पुढचे चाकच निखळले, तर सावरावयास क्षणाचाही अवधी मिळत नाही. म्हणून ते जागेवर राखण्याचा भार एकट्या स्वाराच्या दक्षतेवर टाकणे योग्य नव्हे.

जुन्या पद्धतीच्या ब्रेकमध्ये रबराचे ठोकळे चाकाच्या कडेवर दाबले जातात. डिस्क ब्रेकमध्ये मात्र आसाभोवती बसविलेली पोलादी तबकडी चिमट्यात धरली जाते. हा ब्रेक चिखलपाण्यातही चांगला चालतो, हा त्याचा मोठा गुण. परंतु त्याच्या रचनेत एक दोष दडलेला होता. सायकल पुढे जात असता तबकडीची मागची बाजू वर सरकत असते. ब्रेकचा चिमटा फोर्कच्या मागच्या अंगास असल्यामुळे तो तिला खाली रेटतो. चाकाच्या मानाने तबकडी लहान. म्हणून हा जोर, रस्ता चाकाला ज्या जोराने अडवितो त्याच्या सुमारे चौपट भरतो. त्यातून आस ज्या खाचेत बसतो, तिचे तोंडही खालीच उघडे! २००३ साली एका शास्त्रज्ञाने हा धोका जाहीरपणे मांडला.

यावर काहीजण म्हणत, ''चाक नीट आवळले असेल, तर ते सुटेलच कसे?'' हे म्हणणे खोटे नाही. पण घाई आणि विसर माणसाला जडलेलेच आहेत. २०१५ साली अमेरिकेत एका कंपनीच्या सुमारे ९ लाख सायकली दुरुस्तीसाठी परत बोलाविण्यात आल्या. चाक आवळण्याचा खटका उघडा राहिल्यास तो तबकडीत अडकू शकतो, असे आढळले होते. एका अपघातात तर स्वाराचे हातपाय लुळे पडले. एवढ्याशा चुकीला एवढी जबर शिक्षा देणारी रचना सदोषच म्हटली पाहिजे.

उपाय अवघड नव्हता. खाचेऐवजी बंद छिद्र ठेवून त्यातून आस आरपार घातला, की तो खाली निसटूच शकत नाही. आज डिस्क ब्रेकच्या अनेक सायकलींत हीच रचना असते. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा, तो असा!

तरीही खाचेच्या सायकली रस्त्यावर पुष्कळ आहेत. तेव्हा निघण्यापूर्वी पुढचे चाक उचलून हलवून पाहावे व खटका घट्ट मिटला आहे, याची खात्री करून घ्यावी. स्वाराने सावध असावेच. पण त्याची नजर चुकली तरी त्याचा जीव वाचावा, हे पाहणे सायकल घडविणाऱ्याचे कर्तव्य होय.